चावडीवरची पाटी आणि सात दिवसांचा युरोप

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. इंग्रजीत कोरलेली. या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत अशा पाट्या आहेत. कोरेगाव तालुक्यातली आमची पाटी मी लहानपणापासून पाहत आले. तिच्याखाली बसून गोट्या खेळलो, पुढे तिथंच मतदानाची रांगही लावली.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आमचे हे सरकारी दवाखान्यात एक्सरे टेक्निशियन होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा बेल्जियममध्ये गेंटला राहणारी पुतणी म्हणाली, काकू, आता तरी या. जायचं ठरलं तेव्हाच मी सांगून टाकलं की मला आयफेल टॉवर नाही पाहिला तरी चालेल, आपली माणसं जिथं मेली ती जागा बघायची आहे. ह्यांना मेरी क्यूरीची प्रयोगशाळा बघायची होती. मुलांना क्युबिझम (वस्तूचा आकार तुकड्यांत मोडणारी चित्रशैली) आणि दादा (अर्थालाच नकार देणारी कलाचळवळ) शिकवताना मी प्रत्येक वेळी 'महायुद्धाच्या सुमाराला' असे दोन शब्द बोलून पुढे जायचे. त्या दोन शब्दांत काय काय आहे, ते बघायचं होतं.

दिवस पहिला

ब्रुसेल्सहून ईपरला, म्हणजे महायुद्धात ऐन आघाडीवर सापडलेल्या गावाला, पोचायला रेल्वेनं दोन तासही लागत नाहीत. खिडकीबाहेर सगळं सपाट. नजर अडेल असा एक डोंगर नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा, बटाट्याच्या लागवडीसाठी रानं तयार केलेली, सरी इतकी सरळ की पट्टी ठेवून ओढलीय. माती मात्र आपल्यासारखी भुसभुशीत नाही, चिकण, ओली, बुटाला धरून ठेवणारी. या मातीत पाऊस पडला की काय होत असेल, ते शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

ईपर गाव पाहिलं की वाटतं सात-आठशे वर्षं जुनं असावं. उंच मनोऱ्याचा कापड-बाजार, टोकदार छपरांची घरं. प्रत्यक्षात १९१८ मध्ये इथं धड भिंत अशी क्वचितच उरली होती. चर्चिल म्हणत होते, हे अवशेष असेच ठेवा, स्मारक म्हणून. गावकऱ्यांनी ऐकलं नाही. परत आले, राडारोडा उपसला आणि जुन्या नकाशांवरून जसंच्या तसं गाव पुन्हा उभं केलं. कापड-बाजाराची इमारत पुरी व्हायला १९६७ साल उजाडलं. मला गावकऱ्यांचं बरोबर वाटतं. घर गेलेल्या माणसाला पडक्या भिंतीचं सौंदर्य काय करायचंय?

संध्याकाळी मेनिन गेटला गेलो. प्रचंड कमान, आतून-बाहेरून भिंतीभर नावं. चोपन्न हजारांवर. ज्यांचे देह सापडलेच नाहीत किंवा ओळखू आले नाहीत, ती ही माणसं, आणि यांत हिंदी फौजेचीही आहेत. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता इथं बिगुल वाजतो, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याची वर्षं तेवढी सोडून. वाजवणारे इथल्या अग्निशमन दलाचे लोक. आठला रस्ता बंद झाला, गर्दी गप्प झाली. कमानीखाली तो आवाज दगडावर आपटून परत येतो. संपल्यावर टाळ्या कोणी वाजवत नाही. ह्यांनी टोपी काढून हातात धरली होती, ती हॉटेलवर पोचेपर्यंत तशीच हातात.

दिवस दुसरा

आज पुतणीनं ठरवून दिलेली गाडी. चालवणारे गृहस्थ इथलेच, शेतकऱ्याच्या घरातले. लांगमार्ककडे जाताना त्यांनी मध्येच गाडी बाजूला घेतली आणि बांधाकडे बोट केलं. विजेच्या खांबाच्या बुंध्याशी गंजलेलं, मातीनं लडबडलेलं काहीतरी उभं करून ठेवलं होतं. साधारण हातभर लांबीचं. जवळ जाऊ नका म्हणाले. तोफगोळा. नांगरताना निघाला, म्हणून शेतकऱ्यानं उचलून खांबाशी ठेवला. सैन्याचं बॉम्ब निकामी करणारं पथक येऊन घेऊन जाईल. शंभर वर्षं उलटली तरी दर हंगामात निघतात, आणि काहींत अजून वायू आहे. आपल्याकडे नांगराला दगड लागतो, तसं हे.

इथंच आसपास २२ एप्रिल १९१५ ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला जर्मनांनी नळकांड्यांतून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन सोडला. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो वर न जाता जमिनीला धरून सरकतो आणि खंदकात उतरतो. खंदक हीच माणसाची आडोशाची जागा, आणि वायू नेमका तिथंच भरणार. समोर फ्रेंच आणि अल्जीरियाचे सैनिक होते. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनला याच भागात हल्ल्यासाठी पुढं काढलं आणि त्यांनाही वायू सोसावा लागला. मुखवटे नव्हतेच. ओलं फडकं तोंडावर धरायचं, तेवढंच.

वायू सोडण्याचं काम जातीनं करवून घेणारा माणूस म्हणजे फ्रिट्झ हाबर. हे नाव मी म्युझियममध्ये वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं नाही. ह्यांनी आठवण करून दिली, "अगं, हाबरची प्रक्रिया. दहावीला होती की आपल्याला." हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन, प्रचंड दाबाखाली, चारशे-पाचशे अंशांवर, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेला की अमोनिया. कार्ल बॉशनं ते कारखान्यात बसवलं, आणि ओपाऊचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला. खतासाठी. तोपर्यंत जगाचा नायट्रेट चिलीच्या वाळवंटातून बोटींनी यायचा. युद्ध पेटलं, इंग्रजांच्या आरमारानं वाट अडवली आणि जर्मनीत दारूगोळ्याला लागणारं नायट्रेट संपत आलं. मग त्याच अमोनियापासून नायट्रिक ऍसिड, आणि नायट्रिक ऍसिडपासून स्फोटकं. हे जमलं नसतं तर जर्मनीला इतकी वर्षं लढताच आलं नसतं, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात.

युद्ध संपल्यावर प्रक्रिया पुन्हा शेताकडे आली आणि जगभर पसरली. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या अमोनियावर उभं आहे. आमच्या घरी दर हंगामात युरियाची पोती येतात, पूर्वी पन्नास किलोची, आता पंचेचाळीस किलोची. सोसायटीसमोर रांग लावून आणलेली. ऊस, गहू, ज्वारी, सगळ्याला तेच. ते पोतं मी हातानं फोडलंय, पांढरे दाणे मुठीनं फेकलेत. तो अमोनिया आणि खांबाशी उभा असलेला तो गोळा एकाच घरातले आहेत, हे तिथं बांधावर उभं राहिल्यावर समजलं. दोघंही बराच वेळ बोललो नाही.

हाबरची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. ईपरच्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, २ मे १९१५ ला, तिनं नवऱ्याच्याच पिस्तुलानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारणांबद्दल लोक आजही वाद घालतात. हाबरला १९१८ चं नोबेल मिळालं. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली.

१९१७ मध्ये इथंच मस्टर्ड वायू पहिल्यांदा वापरला गेला. फ्रेंचांनी त्याला गावाच्या नावावरून 'इपेरीत' म्हटलं. केवढं हे गावाचं नशीब! या वायूनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात असं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९४२ मध्ये त्याच्याच घराण्यातलं नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर देऊन पाहिलं गेलं. केमोथेरपीची ती सुरुवात. माझ्या धाकट्या जावेला जे सायक्लोफॉस्फामाइड चढवलं, ते याच कुळातलं. ती आज धडधाकट आहे. हे लिहिताना मला आनंद आणि ओशाळल्यासारखं, दोन्ही होतं.

दिवस तिसरा

व्लाड्सलो. आज दुसरं काहीच केलं नाही, आणि करायलाही नको होतं.

ईपरपासून तीसेक किलोमीटरवर झाडीतलं जर्मन सैनिकांचं दफनस्थान. पंचवीस हजारांवर माणसं. जमिनीला टेकलेल्या चौकोनी दगडांवर नावं, एका दगडावर वीस-वीस. शेवटच्या टोकाला दोन पुतळे, जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्झनं केलेले. तिचा मुलगा पेटर अठरा वर्षांचा, ऑक्टोबर १९१४ मध्ये आघाडीवर गेल्यावर थोड्याच दिवसांत मारला गेला. वय कमी असल्यामुळे भरती होताना बापाची संमती लागत होती. बाप तयार नव्हता. मुलानं आईला गळ घातली आणि आईनं बापाचं मन वळवलं.

त्या वर्षाच्या अखेरीला तिनं स्मारकाचा विचार सुरू केला. पूर्ण झालं १९३२ मध्ये. सुरुवातीला मेलेला मुलगा आडवा आणि आईबाप जवळ, अशी रचना होती. हळूहळू मुलगा रचनेतून गेला. उरले फक्त दोघं, गुडघे टेकलेले. मी वर्गात याचा फोटो दाखवला होता. फोटोत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे दोघांमधलं अंतर. वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत ते, मध्ये माणूस सहज उभा राहील एवढी मोकळी जागा. एकमेकांना स्पर्श नाही. बापानं दोन्ही हात स्वतःच्याच अंगाभोवती आवळून धरलेत, बोटं काखेत गेलीत. थंडी वाजत असल्यासारखी. मान ताठ, नजर पुढच्या दगडावर. आई पुढं वाकलेली, हनुवटी छातीत, अंगावरचं वस्त्र एका हातानं धरलेलं. चेहरा तिचा स्वतःचा. बाप कार्लसारखा. आणि बाप बघतोय त्या दगडावर पेटर कोलविट्झ हे नाव आहे.

युद्धाचं स्मारक म्हटलं की तोवर घोडा, तलवार, पंख असलेली विजयदेवता. वीर नेहमी उभा असायचा. इथं कुणीच उभं नाही, आणि वीरही नाही. शिल्पकलेत काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी या दोन गुडघ्यांकडे बोट करेन.

मी स्केचबुक काढलं होतं. बापाच्या हातापाशी अडले, पेन्सिल पुढं जाईना. आपल्या घरात कुणी गेलं की बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि पुरुष ओसरीच्या खांबाला टेकून असेच स्वतःला धरून बसतात. माझे वडील असे बसलेले मी पाहिलेत, भाऊ गेला तेव्हा. स्केच अर्धंच राहिलं. पुरं करणार नाही.

दिवस चौथा

सकाळी हद्द ओलांडून फ्रान्समध्ये, न्यूव्ह शापेलला. हद्द कुठं ओलांडली ते कळलंही नाही.

रस्त्याच्या चौकात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. हर्बर्ट बेकरनं केलेलं, १९२७ मध्ये खुलं झालेलं. गोल आवार, पुढच्या बाजूला सांचीच्या कठड्याची आठवण यावी अशी दगडी जाळी, मध्ये उंच स्तंभ, त्यावर कमळ. दोन्ही बाजूंना वाघ. पाठीमागच्या गोल भिंतीवर चार हजार सातशेहून अधिक नावं, पलटणीनुसार. इथं मी शोधत होते ती पलटण सापडली, '३ सॅपर्स अँड मायनर्स'. खडकीची. आज ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतात ते.

सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांना शिखांच्या ४७ व्या पलटणीबरोबर या गावावर सोडलं, पायदळ म्हणून. माणसं कमी पडत होती. घराघरांतून, गल्लीगल्लीतून लढत आत गेले आणि मागून मदत न आल्यामुळे मार खात परत फिरले. पुढच्या मार्चमध्ये इथंच मोठी लढाई झाली. आपले लोक मार्सेय बंदरात उतरले होते सप्टेंबरअखेर, उन्हाळी कपड्यांत. त्या पहिल्या थंडीचं वर्णन त्यांच्या घरी धाडलेल्या पत्रांत आहे. सेन्सॉरनं ती पत्रं उघडली, भाषांतर करून ठेवली, म्हणून आज वाचता येतात.

हे मोबाइलवर एकेका फळीचे फोटो काढत होते आणि मी बोटानं वाचत होते. इंग्रजी अक्षरं. बऱ्याच जणांना आडनाव नाही, एकच नाव, फार तर दोन. चावडीच्या पाटीवर आकडे होते, इथं नावं आहेत. पण कुणाचं गाव कुठलं, ते या भिंतीवरून कळत नाही. शेजारून ट्रक जात होते. तासाभरात आमच्याशिवाय कुणी आलं नाही.

दिवस पाचवा

पेरोन, सोम नदीकाठी. इथल्या युद्ध संग्रहालयात मला एकाच गोष्टीसाठी जायचं होतं, ओटो डिक्सची १९२४ ची छापचित्रं. पन्नास आहेत. डिक्स जर्मन, मशीनगनवाला, सोमवर स्वतः लढलेला.

छापचित्र म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगते. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं खरवडून चित्र काढायचं आणि पत्रा ऍसिडमध्ये सोडायचा. जिथं थर उघडला तिथं ऍसिड धातू खातं. कॉलेजात आम्ही जस्ताचा पत्रा नायट्रिक ऍसिडमध्ये सोडायचो, बुडबुडे यायचे, आणि पीस घेऊन ते हलक्या हातानं बाजूला सारायचे. जास्त वेळ राहिलं की रेष फाटते, कडा कुरतडल्यासारख्या होतात. मास्तर ओरडायचे. डिक्सनं ते मुद्दाम केलंय. त्यानं ऍसिडला खाऊ दिलंय. प्रेताचं मांस, चिखल, फाटका कोट, सगळं त्याच खाण्यातून आलेलं. विषय आणि तंत्र यांत फटच राहिलेली नाही. पन्नासच्या पन्नास बघून झाल्यावर वाटलं, वर्गात मी मुलांना 'ऍसिड जपून' एवढंच शिकवलं.

एका चित्रापाशी हे थांबले. त्वचारोपण केलेला सैनिक, दवाखान्याच्या कपड्यांत. अर्धा चेहरा धड, उरलेला अर्धा शिवून जुळवलेल्या गोळ्यांचा. हे म्हणाले, "हा माणूस खरा आहे. हे त्यानं मनानं नाही काढलेलं." एक्सरे काढून काढून आयुष्य गेलेल्या माणसाची नजर ती. दुपारी अमिअँमार्गे पॅरिस.

दिवस सहावा

आजचा दिवस ह्यांचा.

मेरी क्यूरी म्युझियम म्हणजे तिच्या रेडियम इन्स्टिट्यूटचा तळमजला. तिकीट नाही. तिची खोली आणि प्रयोगशाळा जपून ठेवलीय. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि युद्ध सुरू झालं, शिकणारे सगळे आघाडीवर. क्यूरीबाईंनी रेडियम शिशाच्या पेटीत घालून बोर्दोला सुरक्षित पोचवलं आणि परत आल्या. मग श्रीमंत घरांतून मोटारी मागून आणल्या, त्यांत एक्सरेचं यंत्र बसवलं, मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो फिरवून वीज केली. अशा वीसेक गाड्या, शिवाय दवाखान्यांतून दोनशेच्या आसपास केंद्रं. दहा लाखांवर जखमींच्या तपासण्या झाल्या. मुलगी इरेन सतरा वर्षांची, आईबरोबर आघाडीवर. दीडशेच्या आसपास बायकांना त्यांनी हे काम शिकवलं. स्वतः गाडी चालवायला शिकल्या, पंक्चरही काढायच्या.

गोळी शरीरात नेमकी किती खोल आहे ते दोन वेगवेगळ्या कोनांतून छाया घेऊन काढायचं, ही पद्धत ह्यांनी मला तिथंच, दोन्ही हातांच्या बोटांनी समजावून सांगितली. शेजारची दोन फ्रेंच पोरं थांबून बघत होती. नंतर ह्यांचा आवाज बदलला. "क्यूरीबाईंकडे बॅज नव्हता." दवाखान्यात ह्यांच्या छातीवर टीएलडी बॅज असायचा. किरण किती लागले ते मोजायला तो दर तीन महिन्यांनी जायचा आणि रिपोर्ट यायचा. एप्रन न घालता आत गेलं तर हे ज्युनिअरांवर तुटून पडायचे. क्यूरीबाई १९३४ मध्ये अप्लास्टिक ऍनिमियानं गेल्या, इरेन १९५६ मध्ये ल्युकेमियानं.

दुपारी जवळच व्हाल-द-ग्रासला. इथल्या लष्करी रुग्णालयात चेहरा उडालेली माणसं आणली जायची. खंदकातून डोकं तेवढं वर, म्हणून घाव चेहऱ्यावर. फ्रेंच त्यांना 'फुटकी तोंडं' म्हणत. इथल्या संग्रहालयात त्या चेहऱ्यांचे साचे आहेत. मी फार वेळ पाहू शकले नाही.

पण इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपली आहे. इथले शल्यचिकित्सक मोरेस्तँ यांचं काम पाहून न्यूझीलंडचा हॅरल्ड गिलिस पेटून उठला आणि इंग्लंडमध्ये सिडकपला त्यानं चेहरे दुरुस्त करण्याचं मोठं रुग्णालय उभं केलं. पाच हजारांवर माणसं तिथं आली. उडालेलं नाक नव्यानं करायला तो ज्या पद्धती वापरायचा, त्यांतली एक म्हणजे कपाळाची कातडी, मुळाशी जोडलेली ठेवून, खाली वळवून आणायची. वैद्यकाच्या पुस्तकांत हिचं नाव 'भारतीय पद्धत'. ती इंग्लंडला कळली पुण्यावरून. टिपूशी चाललेल्या लढाईत इंग्रजांच्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. १७९३ च्या सुमाराला पुण्याकडच्या एका कुंभार-वीटकऱ्यानं मेणाचा पातळ नमुना करून तो कपाळावर पसरला, कडेनं रेघ मारली, कातडी सोडवली, पीळ देऊन खाली आणली आणि नाक केलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आलं. जोसेफ कार्प्यूनं १८१४ मध्ये ते लंडनला करून पाहिलं. आणि शंभर वर्षांनी गिलिसकडे. त्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

गिलिसच्या शस्त्रक्रियांआधी आणि नंतर रुग्णांची पेस्टलची चित्रं काढायला हेन्री टॉन्क्स होता. मूळचा शल्यविशारद, पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकलेचा शिक्षक. म्हणजे एकाच माणसात आम्ही दोघंही. तिकडं पॅरिसमध्ये ऍना कोलमन लॅड ही अमेरिकन शिल्पकार बाई तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करून त्यांवर कातडीचा रंग चढवायची, शस्त्रक्रियेनं सुधारणार नाहीत अशांसाठी. युद्धाआधीच्या जुन्या फोटोवरून ती गालाची गोलाई ठरवायची.

संध्याकाळी चालत बुलेवार रास्पायवर गेलो. गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेनं लिहून ठेवलंय की युद्धाच्या सुरुवातीच्या काळात याच रस्त्यानं रंगवलेली तोफ जाताना पिकासोनं पाहिली आणि म्हणाला की हे आपणच केलंय. खरंच होतं. गिराँ द सेव्होला नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली १९१५ पासून फ्रेंच सैन्याचं छलावरण पथक, म्हणजे तोफा-ठाणी रंगवून शत्रूच्या नजरेपासून लपवणारं पथक होतं, चित्रकारांचं, नेपथ्यकारांचं. वस्तूचा आकार मोडायचा तर क्युबिस्टांची रीत वापरायची, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. खोटी झाडं करायचे, आत टेहळणीला माणूस. मूळ झाड रात्रीत काढून तिथं ते उभं करायचे, तोफांच्या आवाजाच्या आडोशानं. यातला आंद्रे मार पुढे सजावटीकडे वळला आणि १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात झळकला. 'आर्ट डेको' हे नाव ज्या प्रदर्शनावरून पडलं, तेच हे. मरीन ड्राइव्हवरच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती त्याच वाऱ्याच्या. पिकासोचा जोडीदार ब्राक मात्र १९१५ मध्ये डोक्यात घाव घेऊन पडला, कवटी उघडावी लागली. दोघांची ती जोडी पुन्हा जमली नाही.

जेवताना आमचा वाद झाला. हे म्हणाले, युद्ध झालं नसतं तर एक्सरे गावोगाव इतक्या लवकर पोचला नसता. मी म्हटलं, अहो, एक्सरे १८९५ चा, अमोनिया १९१३ चा, क्युबिझम १९०७-०८ चा, नाक तर पुण्याचं १७९३ चं. युद्धाला यातलं एकही सुचलेलं नाही. शांततेत माणसांनी केलेलं त्यानं ओढून नेलं. हे म्हणाले, पण गाडीत बसवून आघाडीवर नेणं, ते तर युद्धातच सुचलं ना? मी म्हटलं, ते क्यूरीबाईंना सुचलं. वाद तिथंच राहिला. दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत.

दिवस सातवा

पॅरिसहून झुरिक, रेल्वेनं चार तास. वाटेत हे युद्धात गेलेल्या माणसांबद्दल बोलत होते. इंग्रज शास्त्रज्ञ मोझ्ली, ज्यानं क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचा अणुअंक पक्का केला आणि सत्ताविसाव्या वर्षी गॅलिपोलीला गोळी लागून मेला. खगोलशास्त्रज्ञ श्वार्झशिल्डनं तर रशियन आघाडीवर असताना आइनस्टाइनची समीकरणं सोडवली आणि काही महिन्यांत आजारानं गेला. चित्रकारांतले फ्रान्झ मार्क, आउगुस्ट माके. यादी करायला बसलो तर गाडी झुरिकला पोचली.

श्पीगेलगास ही चढाची अरुंद गल्ली. एक नंबरच्या घरात ५ फेब्रुवारी १९१६ ला हुगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी काबारे व्हॉल्टेअर हे छोटं करमणुकीचं ठिकाण उघडलं. दादा जन्मला तो इथंच. युद्ध टाळून तटस्थ देशात आलेली पोरं. थोडं वर, चौदा नंबरला, त्याच महिन्यात लेनिन राहायला आला. काबारे आजही त्याच जागी आहे. याच जागेत १९१६ च्या उन्हाळ्यात बालनं पुठ्ठ्याचे नळकांडे अंगाला गुंडाळून, उंच टोपी घालून कविता म्हटल्या, ज्यांत भाषेतला एकही शब्द नव्हता. फक्त आवाज. हलता येत नव्हतं म्हणून त्याला उचलून रंगमंचावर न्यावं लागलं.

हे म्हणाले, "याला कविता का म्हणायचं?" बालचं म्हणणं होतं की वर्तमानपत्रांनी भाषा नासवून टाकलीय, ती आता नको. मी म्हटलं, आपल्याकडे आई बाळाला अडगुलं मडगुलं म्हणते, त्यात तरी अर्थ कुठं असतो? पण खोटं काही नसतं. हे म्हणतानाच मला चावडीची पाटी आठवली. प्राण 'दिले' असं कोरलंय तिच्यावर. चावडीत बसून पन्नास वर्षं वाचलं, आणि त्या क्रियापदावर नजर ठरली ती झुरिकला.

रात्री हॉटेलात ह्यांनी न्यूव्ह शापेलचे फोटो मोठे करून एकेक फळी वाचायला घेतली आणि मी स्केचबुकाच्या कोऱ्या पानावर देवनागरीत लिहायला. व्लाड्सलोच्या अर्ध्या स्केचच्या पुढचं पान. सॅपर्सपासून सुरुवात केली. काम सावकाश चाललं, कारण इंग्रजी अक्षरांत ळ नाही, ण नाही, आणि शेवटचा स्वर लांबवायचा की नाही तेही कळत नाही. जिथं अडलं तिथं दोन्ही रूपं लिहिली. एकाखाली एक. ब्रिटिशांच्या नोंदीत कित्येकांपुढे गाव आणि जिल्हा दिलेला असतो, म्हणून ती जागा उजवीकडे रिकामी सोडलीय.